वेदनेची देवडी

तापीच्या काठी बऱ्हाणपूर, आणि पैलतीरी झैनाबाद. इ. स. 1631 च्या जून महिन्यात मुमताजमहल बऱ्हाणपुरी चौदाव्या बाळंतपणात मरण पावली. आग्र्यास नेण्यापूर्वी तिचे शव झैनाबादच्या आहूखान्यात ठेवले होते. शहाजहानच्या शोकाची कथा घरोघर ठाऊक आहे. त्या राणीच्या प्रसूतिवेदनांची आठवण सहसा कोणी काढीत नाही. बाईने कळा सोसायच्याच, त्यांत विचारायचे काय, अशी जुनी लोकरीत! शरीरशास्त्राने मात्र ते विचारले आहे.

गर्भाशय आकुंचू लागले की बारीक मज्जातंतू ती वार्ता घेऊन निघतात. ती थेट मेंदूकडे जात नाही. आधी पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत शिरते. ज्या खंडांत ती शिरते, तेथेच कमरेच्या त्वचेचे तंतूही येऊन मिळतात. म्हणून कळ उठते पोटात आणि मोडते कंबर.

तटबंदीच्या शहराला देवडी असावी, तशी येथे वेदनेला आहे. 1965 साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ही दाराची कल्पना मांडली. पुढील संशोधनाने तिचा तपशील बदलला, गाभा टिकला. वेदनेचे सर्वांत बारीक तंतू सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर वार्ता नेतात. स्पर्शाचे जाड तंतू तीस मीटरांहून अधिक. स्पर्शाची वार्ता मज्जारज्जूत पोचली की तेथील लहान पेशी वेदनेचे दार थोडे लोटून घेतात. प्रसूत होणाऱ्या बाईची कंबर चोळणारी सुईण पोथी शिकलेली नसेल, पण तिचा हात नेमका त्या दारावर पडत होता.

मेंदूकडूनही या देवडीवर हुकूम येतात. भीतीने दार उघडते, धीराच्या शब्दाने मिटू लागते. उलट, कळांचा मारा चालूच राहिला तर तेथील पेशी चेतून उठतात, आणि तीच वार्ता अधिक मोठी होऊन वर जाते. म्हणजे एकीने निमूट सोसले आणि दुसरी किंचाळली, एवढ्यावरून दुसरीला नाजूक ठरविणे हा निव्वळ अन्याय होय. दोघींच्या मज्जारज्जूंनी केलेले मोजमापच वेगळे असते.

आज कमरेत सुई देऊन मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर औषध सोडतात. वार्ता वाटेतच अडते, आई जागी राहते. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. सुई साधारणतः त्याच्या खाली टोचतात, त्यामुळे रज्जूला इजा होण्याचे भय फारसे उरत नाही.