आईला गावी एकटे राहता येईल का?

(तळेगाव ढमढेरे येथील ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात रुग्णालयाच्या वतीने केलेले भाषण)



"आईला आता गावी एकटे ठेवता येईल का?" हा प्रश्न आमच्या बाह्यरुग्ण विभागात वरचेवर विचारला जातो. मुले रांजणगाव-सणसवाडीच्या कारखान्यांत नोकरीला, बिऱ्हाड वाघोलीला आणि तळेगावच्या घरात सत्तरी ओलांडलेली आई. प्रश्न काळजीपोटीच असतो. मात्र त्याचे उत्तर एका शब्दात देण्याची घाई झाली, तर एखाद्याचे राहते घर विनाकारण सुटते, हे आम्ही अनुभवाने शिकलो आहोत.

वैद्यकशास्त्राने यासाठी साधी रीत घालून दिली आहे. अमेरिकेतील डॉ. सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये सहा मूलभूत क्रिया मांडल्या : आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठणे, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. पुढे १९६९ मध्ये लॉटन व ब्रॉडी यांनी फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, धुणे, प्रवास, औषधे आणि पैशांचे व्यवहार ही आठ कामे त्यात जोडली. पहिल्या यादीत अडचण असेल तर रोज सोबतीला माणूस हवा. दुसऱ्या यादीत असेल तर बहुधा त्या कामापुरती मदत पुरते.

परंतु 'जमत नाही' आणि 'कधी केलेच नाही' यांत फरक आहे. आजोबांनी जन्मात चूल पेटवली नसेल, आजींनी बँकेची पायरी चढली नसेल. त्यावरून ते असमर्थ ठरत नाहीत.

ही चूक आमच्याही हातून झाली. एका आजींना आम्ही रुग्णालयातच प्रश्न विचारले. फोन लावता येईना, बँकेचे काही सांगता येईना. गुण कमी पडले आणि मुलाने घराला कुलूप लावण्याचे ठरवले. नंतर आमच्या समाजसेविका त्यांच्या घरी गेल्या. आजींनी चहा करून दिला, दुधाचा हिशेब तोंडपाठ सांगितला. खरे धोके निराळेच होते : सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या एकाच डब्यात मिसळलेल्या आणि रात्री शौचालयाकडे जाण्याची वाट अंधारी. दोन कप्प्यांची डबी, अंगणात दिवा, भिंतीला धरायला दांडी आणि शेजारणीची रोजची फेरी, एवढ्यावर कुलूप टळले.

याच्या उलटही घडते. "मला काही झालेले नाही," असे ठणकावणाऱ्या एका आजोबांना आम्ही खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, परत येऊन बसण्यास सांगितले. या चाचणीस १२ सेकंद वा अधिक लागल्यास पडण्याचा धोका वाढलेला समजतात. आजोबांना उठण्यासच तीन प्रयत्न करावे लागले. त्यानंतर मुलाकडे जाण्याचा निर्णय त्यांनी स्वतःच घेतला.

आपल्याच शिरूर तालुक्यातील वढू परिसरात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००७ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या पाच हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांना त्यांच्या प्रकृतीविषयी विचारले. आपली प्रकृती बरी नसल्याचे सांगणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. म्हणूनच आमची विनंती अशी, की आईला एकांतात विचारा. चारचौघांत ती "बरी आहे" असेच म्हणेल.

कुटुंबीयांनी चार दिवस गावी मुक्काम करावा, मदतीला न धावता केवळ पाहावे आणि निर्णयाच्या वेळी त्या व्यक्तीला समोर बसवावे. विसराळूपणा अचानक वाढला असेल, तर आधी आमच्याकडे आणावे. औषधांचा परिणाम, जंतुसंसर्ग किंवा ऐकू कमी येणे अशी बरी करता येणारी कारणेही त्यामागे असतात. तपासणी दर सहा महिन्यांनी पुन्हा व्हावी, कारण आजचे उत्तर कायमचे नसते.

देणगीदारांना आमचे सांगणे एवढेच, की अशा गृहभेटीस मोठे यंत्र लागत नाही. जाणता माणूस आणि त्याचा वेळ लागतो. आपल्या साहाय्यातून तो वेळ आम्हांला देता येतो, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.