नातवाची भाषा
(हीरकमहोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



ज्या सभागृहात इयत्ता सातवीत वक्तृत्व स्पर्धेतील भाषण मध्येच विसरून मी खाली उतरलो होतो, त्याच सभागृहात आज बोलण्यासाठी उभा आहे. त्यामुळे या वेळी कागद हाती ठेवला आहे. संयोजकांनी विषय सुचविला, ‘नोकरी सांभाळून डच भाषा कशी शिकलो’. विषय थोडा विचित्र आहे. रायपूरच्या मराठी माणसाला डच भाषेची गरज काय, असे आपल्या मनात आले असेल. माझ्या कार्यालयातील सहकाऱ्यांनी तर तोंडावरच विचारले होते, ‘रिटायरमेंट के बाद हॉलंड में दुकान खोलोगे क्या?’

कारण साधे होते. माझी मुलगी आणि जावई नेदरलँड्समधील आइंडहोव्हन शहरी नोकरी करतात. नातू तिथेच जन्मला. दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत तो दूरध्वनीच्या पडद्यावर मला पाहून ‘आबा’ म्हणे. मग तो पाळणाघरात जाऊ लागला आणि सहा महिन्यांत घरातील वारे फिरले. तो आईशी मराठी-डच अशी मिश्र भाषा बोलू लागला आणि माझ्याशी बोलेनासा झाला. पडद्यासमोर येई, काहीतरी भरभर सांगे, मी ‘काय रे बाळा?’ असे विचारताच आईकडे पाही आणि निघून जाई. एके दिवशी तो मला ‘ओपा’ म्हणाला. डचमध्ये आजोबांना ओपा म्हणतात. शब्द गोड आहे. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी एक दोनशे पानी वही आणली.

मी भिलाईच्या एका कारखान्यात भांडार विभागात आहे. सकाळची लोकल, दिवसभर नोंदी, तपासण्या, सायंकाळी परतीची लोकल. यातून वेळ काढावयाचा होता. पहाटे वीस मिनिटे टेबलाशी बसून व्याकरण, आणि सरस्वतीनगर मागे पडले की कानाला यंत्र लावून पंचवीस मिनिटे श्रवण. रोज पाऊण तास, आठवड्यातून सहा दिवस. हा हिशेब तीन वर्षांचा केला तर सातशे तासांच्या आसपास जातो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषासंस्था इंग्रजी येणाऱ्यास डच शिकण्यासाठी साधारण सहाशे-सातशे तास लागतात असे मानते. म्हणजे मी ना विशेष हुशार ठरलो, ना विशेष मंद. भांडारातल्या माणसाला असा ताळा जुळला की समाधान वाटते.

आरंभी ग्रोनिंगेन विद्यापीठाचा आंतरजालावरील प्राथमिक अभ्यासक्रम केला. पुढे लहान मुलांची पुस्तके धरली. डिक ब्रुना यांच्या नाइन्त्ये नावाच्या सशाच्या चित्रकथा, आनी श्मिट यांच्या यिप आणि यानेके या शेजारच्या दोन मुलांच्या गोष्टी. मग डच दूरचित्रवाणीवरील मुलांसाठीच्या बातम्या. पन्नाशी उलटलेला एक गृहस्थ कुम्हारी स्थानकावर सशाची गोष्ट ऐकत बसला आहे, हे दृश्य सहप्रवाशांना कसे वाटले असेल कोण जाणे! पण मला नातवाच्याच वयाची भाषा हवी होती.

आता जे सांगणार आहे ते या शाळेचे ऋण म्हणून सांगतो. डच नामांना ‘दे’ आणि ‘हेत’ अशी दोन उपपदे लागतात. ‘हेत’ नपुंसकलिंगी नामांचे. इंग्रजी वा हिंदीच्या वाटेने येणारा विद्यार्थी येथे अडखळतो, कारण या दोन भाषांत वस्तूंचे असे तिसरे लिंग त्याला शिकावे लागलेले नसते. मला मात्र आपल्या व्याकरणाच्या बाई आठवल्या. हिंदीच्या सहवासामुळे आपण मुले ‘दूध सांडला’ असे म्हणत असू आणि बाई ‘सांडले, सांडले!’ असे म्हणत फळ्यावर तो-ती-ते लिहीत. त्या ‘ते’ने मला डचमध्ये हात दिला. मूल, घर, पुस्तक, पाणी ही चारही नामे मराठीत नपुंसकलिंगी आहेत आणि डचमध्येही ‘हेत’चीच आहेत. या आनंदात मी झाड आणि फूल यांनाही ‘हेत’ लावून मोकळा झालो, ते चुकले. तिथे ‘दे’ लागते. साम्य हे काठीसारखे वापरावे, डोळे मिटून तिच्यामागे जाऊ नये, हा धडा मिळाला.

दुसरे साम्य संख्यांचे. इंग्रजीत आधी वीस, मग एक. डचमध्ये ‘एन-एन-ट्विंटिख’, म्हणजे एक आणि वीस, आपले एकवीस! पंचवीस, त्रेचाळीस, सगळे त्याच चालीचे. तिसरे साम्य वाक्याचे. ‘कारण मी दमलेला आहे’ हे वाक्य डचमध्ये ‘ओमदात इक मू बेन’ असे होते: कारण, मी, दमलेला, आहे. गौण वाक्यात क्रियापद मराठीसारखे शेवटी जाते. मुख्य वाक्यात मात्र ते दुसऱ्या स्थानी उडी मारते, आणि ती उडी अंगवळणी पडायला मला एक वर्ष लागले.

दुसरे वर्ष कठीण गेले. वाचलेले समजे, कानावर पडलेले समजत नसे. ‘आज तू काय केलेस?’ हा प्रश्न मी आठवडाभर घोकला आणि रविवारी नातवाला डचमध्ये विचारला. तो आनंदाने दोन मिनिटे बोलला. मला त्यातले ‘सायकल’ एवढेच कळले. मी चुकीच्या जागी हसलो. तो आईला म्हणाला, ‘ओपा विचित्र बोलतो.’ हे वाक्य मात्र मला पूर्ण समजले! वही महिनाभर बंद राहिली.

ती पुन्हा उघडली ती दोन माणसांच्या आठवणीने. एक, सेतुमाधवराव पगडी. निजामाच्या राज्यात महसुली अधिकारी असताना आदिलाबादच्या मुलखात त्यांनी गोंडी आणि कोलामी भाषांचा अभ्यास केला. दुसरे, आपल्याच रायपूरचे माधवराव सप्रे. मातृभाषा मराठी, पण १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ काढला, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले. ज्यांच्यामध्ये राहायचे त्यांची भाषा आपण शिकावी, ही आपल्या शहराची जुनी रीत आहे. मग मला संकोच कसला?

तिसऱ्या वर्षाअखेर डच राज्य परीक्षेच्या बी-१ स्तराचे, म्हणजे मध्यम पातळीचे, नमुना प्रश्नसंच घरीच घड्याळ लावून सोडविले. वाचन व श्रवण यांत निभावले, लेखन काठावर, संभाषण कच्चे. एवढी शिदोरी घेऊन तीन आठवड्यांची रजा काढून आइंडहोव्हनला गेलो.

आता नातू पाच वर्षांचा झाला होता. पहिल्या संध्याकाळी मी त्याच्याशी डचमध्ये बोललो. तो खूश झाला. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही आमच्या गप्पा रंगल्या. चौथ्या रात्री तो झोपल्यावर मुलगी स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, ‘बाबा, तुम्ही इतके कष्ट घेतलेत, मला बोलवत नाही. पण त्याच्याशी डच बोलू नका ना. इथे सगळेच डच बोलतात. मराठी बोलायला त्याला तुमच्याशिवाय आहे कोण? मी आणि त्याचे बाबा दमून येतो, आम्हीही हल्ली डचवर घसरतो.’

तीन वर्षांची शिदोरी, आणि ती उघडू नका असे सांगणे! मी काही बोललो नाही. खरे सांगतो, राग आला होता.

त्याच आठवड्यात आम्ही द हेगला गेलो. ट्रॅममध्ये एक वृद्ध बाई आपल्या बहिणीशी बोलत होत्या. ते शब्द कानी पडताच मी चमकलो. छत्तीसगढीच्या शेजारची वाटावी अशी ती बोली होती. ती सरनामी. १८७३ ते १९१६ या काळात उत्तर भारतातून चौतीस हजारांवर माणसे मजुरीच्या करारावर सुरिनाम या डच वसाहतीत नेली गेली. १९७५ च्या सुमारास त्यांचे अनेक वंशज नेदरलँड्सला आले. त्या बाई म्हणाल्या, ‘नातवंडे समजतात थोडे, पण उत्तर डचमध्ये देतात. मग मीही डचच बोलते.’ दोन समुद्र ओलांडून आलेली भाषा एका घराच्या बैठकीत थांबली होती.

परतताना माझा राग ओसरला आणि एक मार्ग सुचला. दुसऱ्या दिवसापासून मी नातवाचे सगळे डचमध्ये ऐकू लागलो आणि उत्तर मराठीत देऊ लागलो. ‘मराठीत बोल’ असे एकदाही म्हटले नाही. तो सायकलवरून पडल्याची हकिकत डचमध्ये सांगे. मी विचारी, ‘मग कोपर खरचटले का?’ आता मी चुकीच्या जागी हसत नव्हतो. आपले म्हणणे आबांना कळते, एवढा विश्वास त्याला आला आणि मग माझे म्हणणे समजून घेण्यात त्यालाही गोडी वाटू लागली. एकदा जिना मोजताना तो ‘एन-एन-ट्विंटिख’ म्हणाला. मी म्हणालो, ‘एकवीस. एक आणि वीस.’ तो थांबला, बोटे पाहिली आणि म्हणाला, ‘आबा, सारखेच आहे!’ हे वाक्य मराठीत होते.

माझे डच वाया गेले नाही. ते माझ्या कानात राहिले, एवढेच. आजही रोजचा पाऊण तास चालू आहे, कारण नातू वाढतो आहे आणि त्याची भाषाही. त्याला मराठी किती येईल, हे मी सांगू शकत नाही. रविवारी अर्धा तास तो माझ्याशी बोलतो, त्यातली पाच-सात वाक्ये मराठी असतात. काही रविवारी एकही नसते.

पालकहो, आपली मुले रायपुरातच आहेत, तरी आपण मराठीत विचारतो आणि ती हिंदीत उत्तर देतात. तेव्हा आपण रागावतो, किंवा आपणही हिंदीवर येतो. माझी विनंती एवढीच की दोन्ही करू नका. त्यांचे हिंदी, इंग्रजी, जे असेल ते मनापासून ऐका, त्यांच्या जगातले शब्द शिकून घ्या आणि उत्तर शांतपणे मराठीत देत राहा. या शाळेने साठ वर्षे हेच केले. आम्ही ‘दूध सांडला’ म्हणत आलो. बाईंनी आमचे दूध सांडल्याचे आधी समजून घेतले आणि मग ‘सांडले’ असे म्हटले.

बाई आज आपल्यात नाहीत. त्यांच्या ‘ते’ला आणि या शाळेला नमस्कार करून मी थांबतो.