निरोगी माणसाने औषध का घ्यावे?

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त रामघाट, उज्जैन येथे भरलेल्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



उत्सवाच्या दिवशी दुखण्याचा विषय काढणे कित्येकांना रुचणार नाही. तरी आमच्या आरोग्य समितीला यंदा एका सभासदाच्या घरी जो प्रश्न विचारला गेला, त्याचे उत्तर सर्वांसमक्ष देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. त्या घरी आजोबांना फुप्फुसाचा क्षय निघाला. त्यांचे औषध सुरू झाले, आणि तीन वर्षांच्या नातवालाही सहा महिने रोज गोळी द्यावी असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा सूनबाई आम्हांला म्हणाल्या, "पोर हसतेय, खेळतेय. मग ही विषाची परीक्षा कशाला?"

प्रश्न रास्त होता, आणि त्या वेळी आम्हांला त्याचे नीट उत्तर देता आले नाही.

क्षयाचे जंतू शरीरात शिरले म्हणजे क्षय झालाच असे नव्हे. बहुतेकांच्या अंगी ते निपचित पडून राहतात. ना ताप, ना खोकला, ना त्यांच्यापासून दुसऱ्यास लागण. यालाच सुप्त क्षय म्हणतात. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांत अशी लागण आढळली. अशा शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच जन्मात केव्हातरी रोग होतो. मात्र ते कोण, हे आधी खात्रीने सांगणारी चाचणी आजही नाही.

पावसाळ्यात क्षिप्रा चढू लागली की याच घाटावरचे दुकानदार आपला माल वर हलवतात. एखादे वेळी पाणी पायऱ्यांवरच थांबते आणि हलवाहलव फुकट जाते. पण म्हणून त्यांना कोणी वेडे म्हणत नाही. मात्र हलवताना एखादी बरणी फुटू शकते, हेही खरे. औषधाचा हिशेब असाच मांडला पाहिजे.

आयसोनियाझिड हे औषध १९५२ साली क्षयावर वापरात आले. पुढे १९५७ पासून डॉ. जॉर्ज कॉमस्टॉक यांनी अलास्कात निरोगी माणसांना ते देऊन पाहिले, तेव्हा रोगाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. त्यांनी स्वतः आणि त्यांच्या कुटुंबीयांनीही ते घेतले. ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजू १९७० साली वॉशिंग्टनमध्ये दिसली. औषध घेणाऱ्या २,३२१ कर्मचाऱ्यांपैकी १९ जणांना यकृताचा विकार जडला आणि दोघे दगावले. तेव्हापासून या औषधावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवण्याची रीत पडली.

म्हणून पारडे प्रत्येकाचे वेगळे. रोग्याच्या घरातील लहान मुलाला धोका फार मोठा. पाच वर्षांखालील मुलांत रोग लवकर उफाळतो, मेंदूच्या आवरणापर्यंतही पोचतो. उलट औषधाने यकृत बिघडण्याची भीती मुलांत फारच थोडी. वय वाढते तशी ती भीती वाढते. दारू पिणाऱ्यास व यकृत आधीच दुखावलेल्यास ती अधिक. केंद्र सरकारच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रोग्याच्या घरातील सर्व वयाच्या माणसांचा या उपचारासाठी विचार होतो. रोजच्या सहा महिन्यांच्या गोळ्यांऐवजी आयसोनियाझिड व रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, असे बारा डोस घेण्याचाही पर्याय आहे. मात्र गर्भवतीस तो देत नाहीत, आणि इतर काही औषधांशी त्याचे जमत नाही.

चार गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. पहिली, औषधापूर्वी प्रत्यक्ष रोग नाही याची खात्री करून घ्यावी. अंगात रोग असता एकच औषध दिले तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. दुसरी, चालू असलेली प्रत्येक गोळी आणि जुने दुखणे डॉक्टरांना सांगावे. रोग्याचे जंतू औषधांना दाद देत नसतील तर तेही सांगावे, कारण मग उपचार बदलतो. तिसरी, अन्नावरची वासना उडाली, मळमळ सुटली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा हातापायांना मुंग्या आल्या, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रिफापेंटिनने लघवी तांबूस होते, त्याने मात्र घाबरू नये. मुंग्यांसाठी ब-६ जीवनसत्त्व देतात. चौथी, सारे ठीक असता औषध अर्ध्यावर सोडू नये.

आणि औषधाइतकेच अन्न मोलाचे. झारखंडात झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोग्यांच्या घरच्यांना पुरेसे धान्य-डाळ मिळताच त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. आपल्या संस्थेला करता येईल असे हे काम आहे. ज्या सभासदाच्या घरी क्षय निघेल, तेथे शिधा पोचवावा आणि पंधरवड्यातून एकदा कोणीतरी चौकशीस जावे, अशी आमची विश्वस्त मंडळास विनंती आहे.

त्या बाळाची तपासणी झाली, रोग नव्हता. सूनबाईंनी सारे ऐकून घेतले आणि गोळ्या सुरू केल्या. सहा महिने पुरे झाले, बाळ खुशाल आहे. गोळ्यांवाचूनही ते असेच राहिले असते की काय, हे कोणालाच कधी कळणार नाही. तरी त्या माउलीने निर्णय घेतला तो भीतीपोटी नव्हे, भिडेपोटीही नव्हे, दोन्ही पारडी पाहून घेतला. आपल्या प्रत्येक घरी असेच व्हावे, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.