दोन सूत माया



निमंत्रणपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय ‘भूमिती आणि गृहजीवन’ असा भारदस्त छापला गेला आहे, याबद्दल संयोजकांचा मी ऋणी आहे; कारण मी त्यांना कळवलेला विषय केवळ ‘चिंध्या’ एवढाच होता. (हशा.) ज्याने उभी हयात मोजणी खात्यात साखळ्या ओढण्यात आणि बांधावरून भांडणाऱ्या भावाभावांच्या शिव्या खाण्यात घालवली, त्याने पेन्शन सुरू होताच सुई हाती घ्यावी आणि वर तिच्यावर व्याख्यान द्यावे, हे पुढच्या रांगेतील भगिनींना हास्यास्पद वाटत असेल तर तो त्यांचा हक्क आहे; मात्र तो त्यांनी अखेरीस बजावावा, एवढीच विनंती.

गोधडी म्हणजे काय, वाकळ म्हणजे काय, हे आपणांपुढे सांगणे अगोचरपणाचे होईल. इंग्रज-अमेरिकन क्विल्टचे तीन थरही आपण जाणताच. माझा प्रश्न फक्त वरच्या थराचा आहे: तारे, षट्कोन, होकायंत्राची टोके अशी गुंतागुंतीची आकृती असेल, तर तिचे तुकडे कोणत्या रीतीने जोडावेत? या प्रश्नाचे उत्तर लोक वेळेवरून देतात, सोयीवरून देतात, घरात शिवणयंत्र आहे की नाही यावरून देतात. माझे मत निराळे आहे. चूक प्रत्येक पद्धतीत होतेच; पद्धत निवडणे म्हणजे ती चूक कोठे साचू द्यायची, याचा आगाऊ निवाडा करणे होय.

हे मत मला शिवणकामाने दिले नाही, साखळीने दिले. सहासष्ट फुटांची, शंभर कड्यांची ती साखळी दर खेपेला किंचित कमीजास्त ताणली जाई, आणि एका साखळीत नगण्य वाटणारी ती तफावत शिवाराला वळसा घालून मूळ दगडाशी परत येईपर्यंत हातभर होई. मग मुरलेला मोजणीदार ती तूट शेवटच्या बांधावर लोटून मोकळा होत नसे. तो ती सर्व बाजूंवर जिच्या तिच्या लांबीप्रमाणे वाटून टाकी.

आता यंत्रावरची सरळ टीप घ्या. तिच्यात प्रत्येक तुकड्याला पाव इंच, म्हणजे सुताराच्या भाषेत दोन सूत, माया सोडायची असते. (शिवणीतल्या या जादा कापडाला ‘माया’ म्हणणारी आपली भाषा धन्य होय, वेदान्त्यांनी जिचा त्याग सांगितला, तिच्यावाचून शिंप्याची एकही शिवण टिकत नाही!) समजा, हात अर्धा सूत आत गेला. शिवण दोन्ही तुकड्यांचे कापड खाते, तेव्हा एका शिवणीमागे तूट एक सुताची. सतरा तुकड्यांच्या पट्टीत सोळा शिवणी, म्हणजे सोळा सूत, म्हणजे पुरे दोन इंच. ही सारी तूट पट्टीच्या शेवटी उघडी पडते.

दुसरी रीत कागदावर टीप मारण्याची. आकृती कागदावर उलटी, आरशातल्यासारखी काढायची, कापड मागे धरायचे, छापील रेघेवर बारीक टाक्यांची टीप घालायची, आणि शेवटी कागद फाडून काढायचा. होकायंत्राची सुईसारखी टोके साधावीत तर अशीच. येथे मापाची चूक आकृतीत शिरत नाही, कारण तुकडा कापताना ऐसपैस कापलेला असतो. ती वाया गेलेल्या कापडात जाते. तेव्हा ही पद्धत सधनांची.

तिसरी, कागदी साच्याची, इंग्लंडात रुळलेली. प्रत्येक आकाराचा कागद नेमक्या मापाने कापावा, कापड त्यावर दुमडून कच्च्या टाक्यांनी धरावे, मग दोन तुकडे काठाला काठ लावून बारीक टाक्यांनी सांधावेत. ब्रिटनमधील क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहात 1718 हे साल अंगावर वागवणारे एक रेशमी जोडकामाचे पांघरूण आहे. त्यातले कागद अद्याप आतच आहेत! अशा कामांसाठी बायका जुनी पत्रे आणि हिशेबाची पाने कापीत, आणि ती पाने वाचून आज पांघरुणाचा काळ ठरवता येतो. कल्पना करा, श्रोतेहो: आमच्या दफ्तरखान्यात रुमालांत बांधलेले कागद वाळवीने खाल्ले, आणि तिकडे कोण्या घरचा वाणसामानाचा हिशेब रेशमाच्या पोटात सुखरूप राहिला. आम्ही जर सातबाराचे उतारे गोधड्यांत शिवून ठेवले असते तर— (हशा) —असो. अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवले आहे, हे मला दिसले.

तरीही माझ्या ताऱ्याची हकीकत सांगितलीच पाहिजे. ती न सांगता बसलो तर आमच्या मंडळी घरी गेल्यावर सांगतील, आणि तिखटमीठ लावून सांगतील. आठ शंकरपाळ्यांचा तारा मी यंत्रावर, मोठ्या ऐटीत, एका दुपारी शिवला. आठ कोन, प्रत्येकी पंचेचाळीस अंश, बेरीज तीनशे साठ. शाळकरी पोराचे गणित. माया बाहेरच्या टोकाकडे जरा अधिक गेली, प्रत्येक कोन सुमारे एक अंशाने आखडला, आठ अंशांची तूट झाली, आणि आकृती जमिनीवर अंथरताच मधोमध तंबू उभा राहिला. मी तो पायाने दाबला, इस्त्रीने दाबला, वर पाट ठेवून रात्रभर दाबला. सकाळी पाट काढला, तंबू हजर. मंडळी म्हणाल्या, “अहो, तुम्ही लोकांची शेतं अशीच मोजलीत का?” (प्रदीर्घ हशा.) या प्रश्नाचे उत्तर मी आजही देणार नाही, पेन्शन चालू आहे.

वेळ थोडा उरला, म्हणून कसोटी तेवढी सांगतो. आकृतीकडे सर्व्हे नंबर पाहावा तसे पाहा. तिचे पोटहिस्से काठापासून काठापर्यंत जाणाऱ्या सरळ रेघांनी पडत असतील, तर खुशाल यंत्रावर शिवा. टोके अणकुचीदार, पण पाकळीगणिक क्रमाने जोडण्यासारखी असतील, तर कागदावर टीप मारा. पण तीन गावांच्या शिवा एका दगडाशी मिळाव्यात तसे जेथे पावलोपावली तीन काठ मिळतात आणि आरपार रेघच सापडत नाही, त्या षट्कोनांच्या पोळ्याला कागदी साचेच हवेत. तेथे चूक टाक्याटाक्यांत वाटली जाते आणि मोबदला फक्त वेळेत चुकवावा लागतो. लांबट षट्कोनांची नामांकित पांघरुणे शिवणाऱ्या ल्युसी बॉस्टन या लेखिकेने तो वेळ म्हातारपणीही दिला.

आणि उत्तर कन्नडच्या सिद्दी स्त्रिया तर आपली कवंद नावाची गोधडी काठापासून मध्याकडे शिवत नेतात आणि उरलेल्या जागेला बसेल तो तुकडा लावतात. तेथे माप आधी नसतेच, मग तूट कशाची काढणार? यावर मला पुष्कळ बोलायचे होते, परंतु घंटा झाली. चाळीस मिनिटांच्या भाषणात मी दोन सूतही माया सोडली नव्हती, ही माझी चूक येथे शेवटी साचली, ती आपण सर्वांनी वाटून घ्यावी. तंबूवाला तारा बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. हात लावून पाहण्यास हरकत नाही. दाबून पाहण्याचे श्रम मात्र घेऊ नयेत.