खेळण्यांतल्या जुन्या मोटारी आणि आपला पावसाळा
(संस्थेच्या महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून खेळण्यांविषयी बोलावे, हे काहींना विनोदाचे वाटेल. परंतु शेजारच्या दालनात घरोघरच्या जुन्या वस्तूंचे जे प्रदर्शन मांडले आहे, त्यात समया आणि पोथ्या यांच्या जोडीला धातूच्या लहान मोटारीही आहेत. प्रदर्शन आटोपले की त्या आपापल्या घरी परत जातील आणि जूनमध्ये पाऊस लागेल. समईची मला काळजी नाही. या मोटारी मात्र दुर्लक्षाने जितक्या जातात, तितक्याच मालकाच्या अति उत्साहाने जातात, असे मी पाहिले आहे.

या मोटारी गोव्यात आल्या कशा, हे वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. 1961 पूर्वी येथे परदेशी माल मिळणे सोपे होते आणि गोव्यातील कितीतरी माणसे बोटींवर नोकरीस होती. त्यांच्या पेट्यांतून मुलांसाठी हा खाऊ येई. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने 1934 साली आपल्या मोटारींना डिंकी हे नाव दिले. लंडनच्या लेस्नी कंपनीच्या आगपेटीएवढ्या मॅचबॉक्स मोटारी 1953 पासून, आणि काचेऐवजी प्लास्टिकच्या खिडक्या लावलेल्या कॉर्गी 1956 पासून निघाल्या. पुढे डिंकीचे जुने साचे कलकत्त्यास आले आणि त्यांतून निकी या नावाने मोटारी निघू लागल्या. तुमच्या कपाटात एखादी निकी असेल तर तिला नक्कल म्हणून टाकून देऊ नका. तिचा साचा अस्सल आहे.

आता मुख्य गोष्ट. 'माझ्या मोटारीला गंज चढला' असे सगळेच म्हणतात. पण मोटारीचे अंग लोखंडाचे नसतेच. ते जस्ताच्या मिश्रधातूचे असते. जस्तात सुमारे शेकडा चार भाग ॲल्युमिनियम घालून तो रस दाबाने पोलादी साच्यात भरतात. लोखंड असते ते चाकांच्या आसात, आणि पुष्कळ नमुन्यांत तळाच्या पत्र्यात. म्हणून आजार तीन आहेत, आणि ते ओळखल्यावाचून हात लावू नये.

पहिला खरा गंज, तांबूस. हवेची सापेक्ष आर्द्रता शेकडा साठ-पासष्टच्या वर गेली की तो झपाट्याने वाढतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती ऐंशीच्याही वर असते. किनाऱ्यावरच्या घरांत खारा वारा त्यात भर घालतो. कोरड्या मऊ कुंचल्याने किंवा लाकडी दातकोरण्याने सुटी पूड काढावी. मग सुईच्या टोकावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब घेऊन आसाच्या टोकाशी टेकवावा आणि उरलेले तेल फडक्याने टिपून घ्यावे. थेंब म्हणजे थेंबच. तेल रबरी टायरला लागले तर रबर फुगून मऊ पडते. एका गृहस्थांनी सबंध मोटार तेलात बुडवून ठेवलेली मी पाहिली आहे. तिची चाके पुन्हा कधी गोल झाली नाहीत.

दुसरा आजार पांढरी भुकटी. रंगाचा टवका उडून जस्त उघडे पडले की त्यावर ती धरते. कोरड्या कुंचल्याने झाडावी, वस्तू कोरड्या जागी ठेवावी, एवढे बहुधा पुरते. येथे आपल्या स्वयंपाकघराची सवय आड येते. पितळेची भांडी आपण चिंचेने लखलखीत करतो, म्हणून मोटारही चिंचेने घासण्याचा मोह होतो. तसे कदापि करू नये. जस्ताला आम्लही खाते आणि क्षारही खातो. म्हणून चिंच, लिंबू, व्हिनेगर नको, तसाच धुण्याचा सोडाही नको.

तिसरा आजार असाध्य आहे. त्याला जस्ताची कीड म्हणतात, पण त्यात किडा नाही आणि तो एका मोटारीचा दुसरीला लागतही नाही. धातू ओततानाच त्यात शिसे, कथील किंवा कॅडमियम यांचा अंश राहिलेला असतो. शिसे लाखात चार-पाच भागांहून अधिक झाले तरी पुरे. हा अंश धातूच्या कणांच्या सांध्यांत जाऊन बसतो, आणि दमट उबदार हवेत तो सांधा आतून पोखरला जातो. मोटार किंचित फुगते, वाकते, बारीक भेगा पडतात आणि अखेर तिचे तुकडे होतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकींत हा दोष फार आढळतो. अतिशुद्ध जस्तावर आधारलेला चांगला मिश्रधातू न्यू जर्सी झिंक कंपनीने 1929 सुमारास सिद्ध केला होता. तथापि कारखान्यात भंगार मिसळले की त्या शुद्धतेचा उपयोग काय? भेगा दिसल्या तर सरस, लांबी, नवा रंग यांवर पैसे घालवू नयेत. कोरड्या, थंड जागी ठेवून तिचे आयुष्य वाढवता येते. आणि चांगले छायाचित्र आजच काढून ठेवावे.

साठवणीविषयी थोडे. पावसाळ्यात हवाबंद डबा बंद केला तर आपण ओल आत कोंडतो. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दिवसांत वस्तू भराव्यात आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. नारिंगी दाण्यांचे जेल घ्यावे. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असते. ओल शोषून दाण्यांचा रंग पालटला की ते पुडीतून काढून 110 ते 120 अंशांच्या भट्टीत तापवले म्हणजे पुन्हा कामास येतात. आत एक लहान आर्द्रतामापक असावा. काटा चाळीस-पन्नासच्या दरम्यान राहिला तर निश्चिंत असावे. नव्या प्लायवूडची आणि ताज्या रोगणाची कपाटे टाळावीत, त्यांतून आम्लाच्या वाफा सुटतात. डांबरगोळ्या नकोत, त्या प्लास्टिक मऊ करतात. स्पंजही नको; वर्षे लोटली की तो चिकट होऊन रंगाला धरतो. चावीच्या मोटारींना यातले बरेच लागू आहे. सेलवर चालणारी असेल तर सेल आधी काढा.

रंग उडाला म्हणून नवा देऊ नये. कारखान्यात भाजून बसवलेला मूळ रंग, मग तो कितीही खरवडलेला असो, त्या वस्तूची साक्ष आहे. तसेच कागदी खोकेही. फक्त जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा नातवंडांना त्या चोखावयास मिळणार नाहीत हे पाहावे, आणि हाताळल्यावर आपणही हात धुवावेत.

एक विनंती उरली. दालनातील पुष्कळ मोटारींजवळ त्या कोणी, कोणत्या बोटीवरून, कोणत्या साली आणल्या याची नोंद नाही. आणि ते सांगू शकणारी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. दाराशी कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. शाई नको, ती ओलीने फुटते; चिकटपट्टीही नको. घरातल्या वडिलांना विचारून आठवेल तेवढे लिहावे आणि चिठ्ठी मोटारीखाली सरकवून ठेवावी. प्रदर्शन रविवारी सायंकाळपर्यंत उघडे आहे.