दाढीचा ब्रश : केस आणि कृत्रिम तंतु

जालना जिल्ह्यांतील माणसाला तंतूची पारख शिकवावी लागत नाहीं. काळ्या जमिनीचा हा मुलूख कापसाचा आहे. वेचणीच्या दिवसांत कापसाची गाडी आली, कीं खरेदी करणारा मूठभर कापूस उचलतो, चिमटींत धरून ओढतो, धाग्याची लांबी अजमावतो, ओलावा किती आहे हें तळहातानें ओळखतो आणि मगच भाव बोलतो. परंतु तोच गृहस्थ दुसऱ्या दिवशीं सकाळीं आरशापुढें बसून गालावर जो ब्रश फिरवितो, त्यांतील तंतु कसला आहे हा प्रश्न त्याच्या मनांत सहसा येत नाहीं. केसाचा असला तर उत्तम, कृत्रिम असला तर स्वस्तांतला, एवढाच त्याचा निवाडा.

हा निवाडा कापडावरून उचललेला आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत सुती सदरा घाम शोषून घेतो आणि पॉलिएस्टरचा सदरा अंगाला चिकटतो, हें खरेंच आहे. पण सदऱ्याचें काम निराळें आणि ब्रशाचें निराळें. जो गुण एकाला भूषण तोच दुसऱ्याला दूषण ठरतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ब्रशाच्या तंतूंची तुलना करणें सोपें जातें.

ब्रशाला तीन कामें करावीं लागतात. पाणी धरून ठेवणें, तें साबणाशीं घोटून त्याचा फेंस करणें, आणि तो फेंस दाढीच्या खुंटांच्या मुळाशीं नेऊन ते मऊ करणें. पाणी धरण्याचें काम तंतूच्या पोटांत होतें अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः बहुतेक पाणी तंतूंच्या मधल्या बारीक फटींत राहतें. ज्या नियमानें दिव्याच्या वातींत तेल चढतें, त्याच नियमानें हें घडतें. शास्त्रकारांनीं त्याला केशाकर्षण असें नांव दिलें आहे, आणि ब्रशाच्या बाबतींत तें अक्षरशः सार्थ आहे. तेव्हां तंतु स्वतः पाणी किती पितो यापेक्षां ओला झाल्यावर तो ताठ उभा राहतो कीं नाहीं, याला महत्त्व अधिक. कापसाचा तंतु येथेंच हरतो. तो पाणी पितो, ओला झाला असतां अधिक बळकटहि होतो, पण त्याच्या अंगीं ताठपणा नाहीं. ओल्या कापसाचा बोळा होतो, ब्रश होत नाहीं.

म्हणून माणसानें प्राण्यांच्या केसांचा आश्रय घेतला. डुकराचे राठ केस, घोड्याच्या शेपटीचे व आयाळीचे केस, आणि थंड मुलुखांत बिळें करून राहणाऱ्या बॅजर नांवाच्या प्राण्याचे केस, हे परंपरेनें चालत आलेले तीन प्रकार होत. डुकराचा केस प्रथम टोंचतो. पुढें वापरानें त्याचें टोंक दुभंगतें आणि मग तो मऊ लागूं लागतो. बॅजरचा केस मध्यें जाड व टोंकाला अत्यंत निमुळता असतो, त्यामुळें ब्रश ताठ राहूनहि त्याचा स्पर्श मखमली लागतो. ब्रशासाठीं हा केस मुख्यतः चीनमधून येतो आणि महाग पडतो. भारतांत या तिघांच्या जोडीला आणखी एक केस चालत आला, तो मुंगसाचा. त्याचा विचार पुढें केला आहे.

केसाच्या ब्रशाचा इतिहास मात्र स्पर्शाइतका मखमली नाहीं. पहिल्या महायुद्धांत बॅजरचे केस दुर्मिळ झाले, आणि घोड्याच्या केसांना रंग देऊन बॅजरसारखे दिसणारे ब्रश बाजारांत आले. हे केस रशिया, चीन व जपान या देशांतून येत. युद्धापूर्वीं ते युरोपांत निर्जंतुक करण्याची व्यवस्था होती; युद्धानें ती विसकटली. परिणाम असा झाला कीं, त्या सुमाराच्या दहा वर्षांत ब्रिटिश व अमेरिकन सैनिकांत आणि नागरिकांत दाढीच्या ब्रशापासून काळपुळी झाल्याचीं दोनशेंहून अधिक उदाहरणें नोंदलीं गेलीं, आणि त्यांत कित्येकांचे प्राण गेले. ब्रिटननें १९२० सालीं जपानी दाढीच्या ब्रशांची आयात बंद केली. गुरें पाळणारे लोक ज्या रोगाला फाशी म्हणतात, तोच माणसाच्या कातडीवर काळपुळीच्या रूपानें उठतो. त्याचे जंतु बीजरूपानें मातींत व केसांत वर्षानुवर्षें जिवंत राहतात आणि वस्तऱ्याच्या बारीकशा चिरेंतून शरीरांत शिरतात. आज नीट निर्जंतुक केलेल्या केसांपासून हें भय बाळगण्याचें कारण नाहीं. परंतु केसाच्या ब्रशाची शुद्धता दूरच्या एखाद्या कारखान्यांतील दक्षतेवर अवलंबून असते, आणि ती डोळ्यांनीं पारखतां येत नाहीं, एवढा बोध या घटनेंतून घ्यावयाचा.

आतां मुंगसाची गोष्ट. कपाशीच्या ओळींतून, मोसंबीच्या बागेच्या कुंपणाखालून, नाहीं तर बांधावरून झरकन जाणारें करडें मुंगूस जालन्याच्या शेतकऱ्याला अनोळखी नाहीं. त्याचें दर्शन शुभ मानतात. उंदीर आणि साप यांचा तें काळ असल्यामुळें शेतकऱ्याचा तें विनावेतन राखणदार आहे. त्याचा केस बारीक, लवचिक आणि फिकट व गडद पट्ट्यांचा असतो, आणि हाच गुण त्याच्या जिवावर उठला. मेंढीची लोकर कातरतात तसा मुंगसाचा केस कातरून मिळत नाहीं. जनावर मारावें लागतें, आणि एका जनावरापासून कामाचे केस मिळतात ते थोडे ग्रॅमच. एक किलो केसांसाठीं पन्नासांच्या आसपास मुंगसें मारलीं जातात, असा अंदाज वन्यजीवांचें रक्षण करणाऱ्यांनीं दिला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं मुंगूस मारणें व त्याच्या केसांचा व्यापार करणें हा गुन्हा आहे. तरीहि २०१९ सालीं वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाला देशांत अनेक ठिकाणीं एकाच वेळीं छापे घालावे लागले आणि मुंगसाच्या केसांचे हजारों ब्रश जप्त करावे लागले. त्यांत चित्रकारांच्या कुंचल्यांचा भरणा अधिक, पण दाढीच्या ब्रशांसाठींहि हा केस वापरला जात आला आहे.

याला आणखी एक बाजू आहे. जालन्यासारख्या बाजारपेठेच्या गांवांत हिंदु, मुसलमान, जैन असे सर्व धर्मांचे लोक शेजारीं शेजारीं राहतात आणि पुष्कळदां एकाच केशकर्तनालयांत जातात. तेथील ब्रश एका गालावरून दुसऱ्या गालावर फिरतो. त्यांत डुकराचा केस असेल तर कोणाच्या धर्माला तो चालणार नाहीं. कोणत्याहि प्राण्याची हत्या करून मिळविलेला केस कोणाच्या अहिंसेला रुचणार नाहीं. गिऱ्हाइकाला हें विचारण्याचें सुचत नाहीं आणि कारागिरालाहि पुष्कळदां ठाऊक नसतें. ज्या तंतूविषयीं कोणालाच संकोच वाटण्याचें कारण नाहीं, असा तंतु कृत्रिमच असूं शकतो.

कृत्रिम तंतूंत पहिला मान नायलॉनचा. १९३५ सालीं अमेरिकेंतील ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेंत वॉलेस कॅरदर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखालीं तें तयार झालें. स्त्रियांच्या मोज्यांमुळें त्याचा पुढें बोलबाला झाला. परंतु बाजारांत तें प्रथम आलें तें १९३८ सालीं, दांत घासण्याच्या ब्रशाच्या रूपानें. दांतांना जो ताठपणा हवा तो गालाला सोसत नाहीं. नायलॉनचे जे जुने दाढीचे ब्रश होते, त्यांतील तंतु बुडापासून टोंकापर्यंत सारख्याच जाडीचे आणि टोंकाशीं बोथट कापलेले असत. ते कातडीला खरवडत आणि पाणी न धरतां तें मनगटावर ओघळूं देत. कृत्रिम ब्रशाविषयींचा आजचा ग्रह या जुन्या ब्रशांनीं करून ठेवलेला आहे.

पुढचें पाऊल पॉलिएस्टरनें टाकलें. १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिन्फील्ड व डिक्सन या दोघा संशोधकांनीं या जातीचा तंतु प्रथम सिद्ध केला. आजच्या चांगल्या ब्रशांत पुष्कळदां त्याचाच एक भाऊबंद असतो. पॉलिब्युटिलीन टेरेफ्थॅलेट असें त्याचें लांबलचक नांव असून व्यवहारांत त्याला पीबीटी म्हणतात. या दोन कुळांतील भेद ओलाव्याच्या हिशेबानें चटकन कळतो. सारख्याच दमट हवेंत ठेवले असतां लोकरीचा तंतु आपल्या वजनाच्या शेंकडा १६ च्या सुमारास ओलावा घेतो, कापूस शेंकडा ८.५, नायलॉन शेंकडा ४, आणि पॉलिएस्टर अवघा शेंकडा ०.४. प्राण्यांचा केस लोकरीच्याच जवळचा. म्हणजे केस भिजून नरम पडतो, नायलॉनहि पाण्यांत थोडें ढिलें होतें, पण पॉलिएस्टर कोरडें असतां जसें तसेंच ओलें असतां. सदऱ्याच्या ठिकाणीं जो दोष होता, तो येथें गुण झाला.

राहिला प्रश्न टोंकाचा आणि फटींचा. पॉलिएस्टरच्या कुळांतील तंतु कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणांत हळूहळू झिजतो. तंतूंच्या जुडीचीं टोंकें त्या द्रावणांत बेतानें बुडवून ठेवलीं, म्हणजे तीं निमुळतीं होत जातात आणि बॅजरच्या केसासारखीं मऊ लागतात. शिवाय तंतूला बारीक लाटांसारखी मोड देतात, म्हणजे तंतु एकमेकांना चिकटून बसत नाहींत, मध्यें फटी राहतात आणि त्यांत पाणी व फेंस टिकतो. केसावर निसर्गतः बारीक खवले असतात, त्यांना साबण धरून राहतो. गुळगुळीत कृत्रिम तंतूची ती उणीव ही मोड बऱ्याच अंशीं भरून काढते.

तेव्हां दुकानांतील कृत्रिम ब्रशांचे स्थूलमानानें तीन वर्ग करतां येतील. जाड, बोथट नायलॉनचा ब्रश. तो स्वस्त असला तरी घेऊं नये. बारीक पण सरळ तंतूंचा ब्रश. तो नळींतील मलमासारख्या साबणाला पुरेसा होतो, पण वाटींतील कठीण साबणाचा फेंस करतांना हात दुखवितो. निमुळत्या टोंकांचा व लाटेची मोड असलेला ब्रश. तो सर्वांत सरस, आणि बॅजरच्या मानानें पुष्कळ कमी किंमतींत मिळतो. या तिसऱ्या ब्रशाला आधीं पाण्यांत भिजत ठेवावें लागत नाहीं. एकदां बुडवून झटकला कीं काम सुरू होतें आणि थोड्या पाण्यांत, थोड्या साबणांत फेंस तयार होतो. २०१२–१३ च्या अवर्षणांत ज्या जिल्ह्यानें टँकरची वाट पाहत दिवस काढले, त्या जिल्ह्यांत ही गोष्ट किरकोळ समजूं नये. कृत्रिम ब्रश कांहीं तासांत कोरडा होतो. केसाचा ब्रश ओल धरून राहतो, आणि पावसाळ्यांत त्याला कुबट वास येऊं लागतो.

कृत्रिम तंतु निर्दोष आहे असें मात्र नव्हे. तो खनिज तेलापासून होतो, आणि टाकून दिला तरी कुजत नाहीं. त्याला कढत पाणी मानवत नाहीं. मोड जाते आणि टोंकें वांकडीं होतात. म्हणून कोमट पाणी वापरावें. ब्रश नीट जपला तर तो वर्षानुवर्षें पुरतो, आणि कचऱ्याची भर टाळण्याचा तोच मार्ग आहे. काम झाल्यावर साबण पूर्ण धुवून काढावा, पाणी झटकावें आणि ब्रश उघड्या हवेंत ठेवावा. ओला ब्रश डबींत बंद करूं नये. केशकर्तनालयांतील ब्रश मात्र प्रत्येक गिऱ्हाइकामागें धुतला व निर्जंतुक केला गेलाच पाहिजे, मग तंतु कोणताहि असो.

घरीं असलेला ब्रश कशाचा आहे हें ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. रंगावर जाऊं नये, कारण कृत्रिम तंतूलाहि हुबेहुब पट्टे रंगवितां येतात. ब्रशांतून गळलेला एकच तंतु चिमट्यांत धरून ज्योतीला लावावा. केस जळला तर पिसें जळल्यासारखी दुर्गंधी येते आणि राख बोटांत चुरडते. कृत्रिम तंतु वितळून आकसतो आणि थंड झाल्यावर त्याचा कठीण मणी होतो. विकत घेतांना ब्रश तळहातावर दाबून पाहावा. तो टोंचूं नये, आणि हात काढतांच पूर्ववत् उभा राहावा. केस कोणत्या प्राण्याचा हें दुकानदाराला सांगतां आलें नाहीं, तर तो ब्रश घेऊं नये.

निसर्गाचें तें उत्तम आणि माणसानें घडविलेलें तें हलकें, हा नियम जालन्याच्या शेतकऱ्यानेंहि सरसकट मानलेला नाहीं. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं याच गांवीं बियाण्यांची कंपनी स्थापन केली, आणि माणसाच्या बुद्धीनें सुधारलेलें संकरित बियाणें त्यानें पेरून, पारखून, मगच स्वीकारलें. कापसाच्या गाडीपुढें तो जी पारख करतो, तीच त्यानें दाढीच्या ब्रशापुढें करावी. सदरा सुती घालावा. ब्रश निमुळत्या कृत्रिम तंतूचा घ्यावा. आणि मुंगूस बांधावर राहूं द्यावें.