‘मी बघते’
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आज नव्या वर्षाच्या पदाधिकारी निवडल्या गेल्या. अशा दिवशी अधिकार आणि जबाबदारी यांवर चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली. पण कोरड्या उपदेशाला आपण कंटाळलेल्या असणार, म्हणून मी आपणांस जरा दूर, फिलिपाइन्स देशात नेते.

त्या देशातील पालावान प्रांतात अगुताया नावाचे एक लहानसे बेट आहे. तेथील लोकांची बोली अगुतायनेन. देशभर चालते ती तागालोगवर उभी असलेली फिलिपिनो भाषा. १९८७ च्या राज्यघटनेने तिला राष्ट्रभाषा ठरवले. या दोन्ही भाषा एकाच कुळातल्या.

तिकडे कारभाराच्या सर्वांत लहान घटकाला ‘बारांगाय’ म्हणतात. हे मूळ होडीचे नाव, असे हुआन दे प्लासेन्सिया या स्पॅनिश धर्मगुरूने १५८९ साली लिहून ठेवले आहे. बारांगायचा प्रमुख तो ‘पुनो’. आणि तागालोगमध्ये झाडालाही ‘पुनो’च म्हणतात. होडी सांभाळायची, सावली द्यायची; मोठेपणाची याहून चांगली व्याख्या कोणती करावी?

जबाबदारीला त्यांचा शब्द आहे ‘पानानागुतान’. त्याचे मूळ ‘सागोत’, म्हणजे उत्तर. आपल्या ‘जबाबदारी’तही जबाब आहेच! म्हणजे खुर्चीवर बसली ती मोठी नव्हे; विचारल्यावर उत्तर देते ती मोठी.

आणखी एक शब्द ऐका: ‘बहाला’. ‘आको आंग बहाला’ म्हणजे ‘मी बघते, तू काळजी करू नकोस’. ‘बहाला का’ म्हणजे ‘तुझे तू बघ’. शब्द तोच; एकात भार उचलला, दुसऱ्यात झटकला. आपले ‘बघणे’ही असेच दुधारी नाही का?

या भाषांना, अगुतायनेनलासुद्धा, आपल्यासारखेच दोन शब्द आहेत: ऐकणाऱ्याला सोडून ‘आम्ही’ आणि त्याला धरून ‘आपण’. तागालोगमध्ये ‘कामी’ आणि ‘तायो’. इंग्रजीला ही सोय नाही. आता आपल्या सभांतील भाषा आठवा. निर्णय घेताना ‘आम्ही ठरवले’, आणि सतरंज्या उचलायची वेळ आली की ‘आपण उचलू या’! असे झाले की सभासद एकेक करून यायच्या थांबतात, आणि मंडळाला नुसती पाटी उरते.

म्हणून नव्या कार्यकारिणीला माझी विनंती एवढीच. ठरवताना ‘आपण’ म्हणा, आणि चुकल्यास उत्तर द्यायला ‘आम्ही’ म्हणून पुढे या. भिशीचा हिशेब असो, बालवाडीतले मूल असो, शेजारची एकटी आजारी आजी असो. कोणी तरी ‘मी बघते’ म्हणावे, आणि खरोखरच बघावे. बाकीच्या भगिनींनीही तिला ‘तुझे तू बघ’ असे म्हणू नये. होडी एकीची नाही, सगळ्यांची आहे.